एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना संशोधन शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे?

पीएसएम_मास्तर

नमस्कार. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, हा विषय शिकवतो. यंदा दुसऱ्या वर्षाच्या तुकडीला संशोधनपद्धती शिकवण्यासाठी दहा तास मिळाले आहेत आणि ते कसे वापरावेत यावरून आमच्या विभागात दोन तट पडले आहेत.

एका गटाचे म्हणणे असे, की चार-पाच विद्यार्थ्यांचा एक याप्रमाणे गट पाडून प्रत्येक गटाकडून प्रकल्प करून घ्यावा आणि जमल्यास तो छापून आणावा. मला हे पटत नाही. प्रकल्पाची सक्ती केली की शेवटच्या आठवड्यात एक गूगल फॉर्म तयार होतो, तो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पडतो, 'वैद्यकीय विद्यार्थ्यांमधील ताण' किंवा 'मोबाइलचा वापर आणि झोप' असे शीर्षक मिळते आणि ज्यांनी फॉर्म भरला तेवढ्यांवरून साऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांविषयी निष्कर्ष निघतात. ज्यांनी फॉर्म भरला नाही ते कोण होते, हा प्रश्न विद्यार्थीही विचारत नाहीत आणि परीक्षकही विचारत नाहीत. मीन, मीडियन आणि काय-स्क्वेअर (अपेक्षित व प्रत्यक्ष आकड्यांतला फरक योगायोगाचा आहे का, हे तपासण्याची चाचणी) हे तर अभ्यासक्रमात आहेच. विद्यार्थी ते पाठ करतात, तोंडी परीक्षेत सांगतात आणि इंटर्नशिपपर्यंत विसरतात.

माझे मत असे, की या वयात प्रश्न कसा विचारावा आणि दुसऱ्याचा शोधनिबंध कसा वाचावा एवढेच नीट शिकवावे. आपल्यापैकी जे शिकवतात, शिकतात किंवा शिकून मोकळे झाले आहेत, त्यांनी आपले अनुभव सांगावेत.

रात्रपाळी

मी सध्या एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घाव ताजा आहे. पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, आल्यावर काही महिन्यांतच सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, द्यावा लागतो. त्या काळात वॉर्डमधली खाट कुठे रिकामी आहे हेही धड कळलेले नसते, मग विषय कुठून सुचणार? गाइड एक विषय सुचवतात, सीनियरच्या थिसिसची सॉफ्ट कॉपी हाती येते आणि 'परिचय' व 'साहित्याचा आढावा' ही दोन प्रकरणे त्या कॉपीतून, शब्द इकडचे तिकडे करून, जन्माला येतात. पुढे मास्टर चार्ट, म्हणजे सर्व रुग्णांच्या माहितीचा एकत्र तक्ता, भरायचा, तो कॉलेजबाहेरच्या स्टॅटिस्टिक्सवाल्याला द्यायचा आणि त्याने पाठवलेले तक्ते समजले नाहीत तरी चिकटवायचे. आमच्याकडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात सिनॉप्सिस टाइप करण्यापासून सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगपर्यंत सर्व सोय आहे. फक्त प्रश्न तिथे मिळत नाही.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि तिची एनआयई ही संस्था यांचा बीसीबीआर हा संशोधनाच्या मूलतत्त्वांचा ऑनलाइन कोर्स आम्हांला सक्तीचा आहे आणि त्यातली व्याख्याने खरोखर चांगली आहेत. पण तो कोर्स बहुतेक जण परीक्षेपुरता पाहतात, कारण तोपर्यंत सिनॉप्सिस जाऊन बसलेला असतो. हे सारे दुसऱ्या वर्षात भेटले असते तर उपयोग झाला असता, म्हणून मास्तरांना अनुमोदन.

अंकगणिती

मी संख्याशास्त्रज्ञ आहे आणि रात्रपाळी म्हणतात त्या प्रकारचे मास्टर चार्ट पुष्कळ पाहिले आहेत, फक्त मी कॉलेजच्या आत बसतो.

आपल्याकडच्या थिसिसमध्ये नमुनासंख्या इतक्या वेळा १०० का असते, याचा विचार कोणी केला आहे का? 'फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर' हे सूत्र सर्वांना पाठ असते. रोगाचे प्रमाण माहीत नसेल तर पी ५० टक्के धरायचा, मग क्यूही, म्हणजे १०० वजा पी, ५० होतो, आणि एल, म्हणजे चालवून घ्यायची चूक, १० टक्के धरली की उत्तर बरोबर १०० येते. चूक ५ टक्क्यांवर आणली तर तेच उत्तर ४०० होते. ४०० रुग्ण जमवणे शक्य नसते, म्हणून एल १० धरला जातो. म्हणजे आधी १०० ठरतात आणि नंतर सूत्र त्यांना साजेसे बसवले जाते.

याहून गंभीर बाब अशी, की हे सूत्र एखाद्या गोष्टीचे प्रमाण किती हे मोजण्यासाठी आहे. दोन औषधांची तुलना करणाऱ्या थिसिसमध्येही ते सर्रास सापडते आणि तिथे त्याचे काहीच काम नसते. तुलनेसाठी किती फरक सापडला तर तो रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा मानायचा, हे आधी ठरवावे लागते, आणि ते संख्याशास्त्रज्ञ ठरवू शकत नाही, डॉक्टरनेच ठरवायचे असते. मास्तरांनी दहापैकी एक तास फक्त या मुद्द्याला द्यावा, अशी माझी विनंती आहे.

फायनल_पार्ट_टू

विद्यार्थ्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो आहे. नीट पीजीत संशोधनाला गुण नाहीत. बायोस्टॅटिस्टिक्सवर थोडे प्रश्न येतात, तेही सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटीच्या, म्हणजे एखादी तपासणी आजारी आणि निरोगी माणसे किती अचूक ओळखते याच्या, गणितांचे. आमच्या वर्गातली बहुतेक मुले तिसऱ्या वर्षापासून ऑनलाइन कोचिंगच्या चाचण्या देत असतात. अशा वेळी कोणी 'प्रश्न विचारायला शिका' म्हटले, तर पहिला प्रश्न 'हे परीक्षेला आहे का?' हाच येणार.

ज्यांना खरोखर रस आहे त्यांच्यासाठी आयसीएमआरची एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती आहे आणि ती १९७९ पासून चालू आहे. तीत दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, एक गाइड आणि शेवटी अहवाल असतो. मी ती केली आणि मला आवडली. पण ती माझी निवड होती. सर्वांवर लादली असती तर मीही गूगल फॉर्मच टाकला असता.

सुईदोरा

माझे मत कटू वाटेल. शस्त्रक्रियाशास्त्र शिकवताना मला असे इंटर्न भेटतात ज्यांना पोटाची तपासणी नीट करता येत नाही, ज्यांनी लावलेली सलाइन अर्ध्या तासात सुजते आणि ज्यांच्या केस पेपरवर 'पोटात दुखते' याखेरीज इतिहास नसतो. साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप एवढ्या काळात उत्तम प्राथमिक डॉक्टर घडवता आला तरी पुष्कळ झाले. संशोधन हे पीजीचे काम आहे आणि तेही सर्वांचे नव्हे. दहा तास वाचत असतील तर ते मुलांना वॉर्डात घालवू द्यावेत.

मितभाषी

@सुईदोरा, 'पोटात दुखते' एवढ्यावर न थांबता कधीपासून, कुठे, कशाने वाढते आणि आधी असे झाले होते का, हे विचारणारा विद्यार्थी संशोधनाची अर्धी वाट चाललेलाच असतो. तुमची तक्रार आणि मास्तरांची तक्रार एकच आहे.

टेम्सकाठी

मी मूळची सांगलीची, सध्या इंग्लंडमध्ये काम करते. इथे नवख्या डॉक्टरांकडून संशोधनापेक्षा ऑडिटची अपेक्षा असते. आधी ठरलेला निकष घ्यायचा, उदाहरणार्थ दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या औषधपत्रकावर ॲलर्जीची नोंद हवी. मग आपल्या वॉर्डात ती किती पत्रकांवर आहे हे मोजायचे, काहीतरी बदल करायचा आणि पुन्हा मोजायचे. यातून नवे ज्ञान निघत नाही, पण मोजण्याची सवय लागते आणि आपल्याच कामाकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहता येते. पुन्हा मोजण्याची पायरी मात्र इथेही अनेकदा राहून जाते, हेही सांगायला हवे.

फाउंडेशन प्रोग्रामच्या, म्हणजे नव्या डॉक्टरांच्या पहिल्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या, निवडीत पूर्वी शोधनिबंधांना आणि जादा पदवीला गुण मिळत असत. २०२३ च्या प्रवेशापासून ते बंद झाले. ज्यांना घरची आर्थिक सोय आहे आणि ज्यांच्या ओळखीचे गाइड आहेत त्यांनाच ते गुण मिळतात, हा त्यावरचा एक मोठा आक्षेप होता.

ह्यूस्टनकर

अमेरिकेत गाडी उलट दिशेने गेली आहे. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या तिथल्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेच्या स्टेप वन या पहिल्या टप्प्यात आकडी गुण देणे बंद होऊन केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण उरले. त्यानंतर रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, उमेदवारांमधला फरक दाखवायला शोधनिबंधांच्या संख्येचा भाव वधारला. भारतातून येऊ पाहणारी मुले मला लिहितात, की कोणत्याही पेपरवर माझे नाव घाला, मी विनामूल्य काम करीन. विषय कोणता, हे त्यांना विचारायचेही नसते. सक्तीपेक्षा हे आमिष अधिक घातक आहे, असे माझे मत झाले आहे.

रायगडवाला

मोठ्या शहरांची चर्चा झाली, म्हणून जरा आमच्या भागाकडे वळतो. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करत असताना रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा यांच्या तासागणिक नोंदी करत राहिले, आणि मृत्यू हृदय व फुप्फुसांवरच्या परिणामामुळे होतो हे त्यांनी मांडले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांसाठी वापरले आणि ते काम १९८० च्या दशकात लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले. विंचवाच्या प्रतिविषाची भर घालून काय फरक पडतो याची यादृच्छिक चाचणीही, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून केलेली तुलनाही, महाडलाच झाली आणि ती २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही म्हणून संशोधन होत नाही, असे सांगणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

मितभाषी

विद्यार्थ्यांची उदाहरणेही आहेत. स्वादुपिंडातल्या ज्या पेशीसमूहांना आपण लँगरहान्सचे नाव देतो, त्यांचे वर्णन पाउल लँगरहान्सने १८६९ मध्ये बर्लिनला विद्यार्थी असताना आपल्या प्रबंधात केले. त्यांचे कार्य काय हे आपल्याला ठाऊक नाही, असेही त्याने त्यात सरळ लिहून टाकले. जे मॅक्लीन नावाचा विद्यार्थी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दुसऱ्या वर्षात असताना रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि त्याच्या हाती लागला रक्त गोठू न देणारा पदार्थ. १९१६ च्या त्या निबंधातून हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची वाट निघाली.

पीएसएम_मास्तर

उदाहरणे सुंदर आहेत, पण मला त्यांची थोडी भीती वाटते. मॅक्लीनच्या मागे विल्यम हॉवेलसारखा शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि त्याची प्रयोगशाळा होती. डॉ. बावस्करांची चिकाटी असामान्य होती. माझ्यासमोर दीडशे सामान्य विद्यार्थी असतात आणि त्यांना हे सांगितले की ते टाळ्या वाजवतात आणि वही मिटतात. मला असे काही हवे आहे जे सामान्य विद्यार्थी सामान्य मंगळवारी करू शकेल.

बोधकथा म्हणून न सांगता पद्धत म्हणून शिकवायचे असेल, तर मी डॉ. राणी आणि अभय बंग यांचा १९८९ चा लॅन्सेटमधला अभ्यास घेतो. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केल्यावर त्यांच्यापैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आढळले. हीच पाहणी दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांपुरती केली असती तर काय झाले असते, एवढा एकच प्रश्न मी वर्गात विचारतो. भाजक, म्हणजे टक्केवारी ज्या एकूण गटावर काढली तो आकडा, कुठून आला, हे त्या एका प्रश्नात जितके कळते तितके माझ्या तासाभराच्या व्याख्यानात कळत नाही.

तापमापक

मास्तर, सामान्य मंगळवारी करता येईल अशी एक गोष्ट माझ्याकडे आहे. मी मेडिसिन विभागात शिकवतो आणि विद्यार्थ्यांकडून हे करून घेतो.

वॉर्डातले जुने केस पेपर एमआरडीतून, म्हणजे रुग्णालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागातून, मागवायचे. फडक्यात बांधलेले गठ्ठे येतात, त्यांची सुतळी सोडायची आणि प्रत्येक पेपरवरच्या पहिल्या नोंदीतला वरचा रक्तदाब पाहायचा. पूर्ण आकडा लिहायचा नाही, फक्त त्याचा शेवटचा अंक लिहायचा. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात, म्हणून शेवटी ०, २, ४, ६ आणि ८ हे अंक साधारण सारख्याच वेळा, म्हणजे प्रत्येकी २० टक्क्यांच्या आसपास, यायला हवेत. प्रत्यक्षात कागदावर शून्यांची रांग लागते. १२०, १३०, ११०, १२०, १४०. एका मुलीने मान वर न करता विचारले, "सर, यांनी मोजलं तरी होतं का?"

तिथून पुढचा तास आपोआप चालतो. मोजले असेल पण पूर्णांकावर नेले असेल, तर १३६ चा रुग्ण १४० झाला आणि त्याच्यावर उच्च रक्तदाबाचा शिक्का बसला; किंवा १४४ चा १४० झाला. मुळात मोजलेच नसेल तर? यांतले काय घडले हे कागदावरून ओळखता येईल का? यासाठी काय-स्क्वेअर लागते आणि या वेळी ते का लागते हे त्यांना समजलेले असते. सुईदोरांनाही हे आवडेल, कारण त्यानंतर ती मुले रक्तदाब स्वतः नीट मोजू लागतात.

अंकगणिती

प्रयोग अतिशय आवडला, पण एक दुरुस्ती. वॉर्डात डिजिटल यंत्र असेल तर विषम अंकही येतात आणि प्रत्येक अंकाची अपेक्षा १० टक्के होते. दोन्ही यंत्रे मिसळून वापरली असतील तर अपेक्षित वाटणी काय धरायची, हेच सांगता येणार नाही. म्हणून गठ्ठा सोडण्याआधी त्या काळात वॉर्डात कोणते यंत्र होते हे सिस्टरांना विचारून या, हा गृहपाठ द्यावा. माहितीचा उगम तपासण्याचा धडा त्यातच येतो.

रात्रपाळी

जरा हलके घेऊ. पी व्हॅल्यू, म्हणजे फरक नसतानाही योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली हवी असते. ती ०.०६ आली की गाइड काय म्हणतात? "अजून दहा पेशंट घाल."

अंकगणिती

हसू आले, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलांना या विनोदातली चूक ओळखता आली तर मी त्यांना पूर्ण गुण देईन. मधेमधे डोकावून, निकाल हवा तसा आला की थांबायचे असे केले, तर योगायोगाने फसण्याची शक्यता वाढत जाते. फरक मुळीच नसताना पाच वेळा डोकावले, तर ५ टक्क्यांची चूक सुमारे १४ टक्क्यांवर जाते.

शाळामास्तरीण

मी डॉक्टर नाही. निवृत्त शिक्षिका आहे आणि एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीवर, सर्वसामान्य नागरिकांची प्रतिनिधी म्हणून बसते. तापमापक सरांच्या प्रयोगाबाबत एक विचारायचे आहे. केस पेपर विद्यार्थ्यांच्या हाती देण्याआधी परवानगी घेतली जाते ना? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गुणवत्तेच्या अंतर्गत तपासणीसारख्या कामांना सविस्तर पुनरावलोकनातून सूट मिळू शकते, परंतु ती सूट कमिटीने द्यायची असते, संशोधकाने स्वतःच घ्यायची नसते.

दुसरे असे, की विद्यार्थ्यांना कन्सेन्ट फॉर्म, म्हणजे रुग्णाचे संमतिपत्र, भरून घ्यायला शिकवण्याआधी तो एकदा मोठ्याने वाचायला लावावा. आमच्यासमोर आलेला एक फॉर्म मी घरकामाला येणाऱ्या बाईंना वाचून दाखवला आणि काय समजले असे विचारले. त्या म्हणाल्या, "सही केली नाही तर औषध मिळणार नाही, असं लिवलंय." फॉर्ममध्ये नेमके याच्या उलट लिहिले होते, पण ते वाक्य चौथ्या ओळीत सुरू होऊन आठव्या ओळीत संपत होते.

तापमापक

@शाळामास्तरीण, ताई, प्रश्न रास्त आहे. कमिटीकडून सूट दिल्याचे पत्र घेतलेले आहे आणि नाव व नोंदणी क्रमांक असलेला भाग आधी झाकला जातो. पण पत्र मी विद्यार्थ्यांना कधी दाखवले नव्हते. आता पहिल्या पाच मिनिटांत तेच वाचून घेईन.

ह्यूस्टनकर

मास्तर म्हणतात त्या छापून आणण्याच्या हट्टाविषयी कोणी फारसे बोलले नाही. 'सात दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह' असे संदेश मला इथेही येतात.

पीएसएम_मास्तर

ते संदेश आमच्याकडे रोजचेच आहेत. मात्र यात विद्यार्थ्यांना दोष देण्यापूर्वी आम्ही शिक्षकांनी आरशात पाहिलेले बरे. आमच्या बढतीसाठी शोधनिबंध लागतात आणि २०२२ च्या नियमांत पहिल्या तीन लेखकांत किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या जागी नाव असण्याची अट होती. त्यामुळे विद्यार्थ्याने केलेल्या कामावर त्याचे नाव चौथे येण्याचे प्रसंग घडतात. २०१६ मध्ये डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर एकही निबंध नव्हता. हा आकडा दाखवून निबंधांची सक्ती मागितली जाते. निबंध आकड्याने वाढतील, यात शंका नाही. ज्या संस्थेत दहा वर्षांत कोणाला छापण्याजोगा प्रश्न पडला नाही, तिथे नियमामुळे प्रश्न कसा पडू लागेल, हे मात्र मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

फायनल_पार्ट_टू

सर, संदर्भांची अडचणही सांगतो. आमच्या तुकडीतल्या एका गटाने चॅटजीपीटीकडून संदर्भांची यादी घेतली. नियतकालिके खरी, लेखकांची आडनावे ओळखीची, वर्षे पटण्याजोगी. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत शोधले तर यादीतले काही निबंध अस्तित्वातच नव्हते. मार्गदर्शकांनी सही केलेली होती.

सुईदोरा

मी माझे मत थोडे बदलतो, पूर्ण नाही. रक्तदाबाच्या शेवटच्या अंकाचा प्रयोग वॉर्डाशी जोडलेला असल्यामुळे मला मान्य आहे आणि आमच्या विभागात जखमेतल्या जंतुसंसर्गाच्या नोंदींवर असेच काही करता येईल. पण प्रत्येकाने प्रकल्प करावा याला माझा विरोध कायम आहे. ज्याला करायचा त्याने एसटीएस करावी किंवा इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे आपल्या आवडीने निवडायच्या विषयाच्या काळात, संशोधन घ्यावे. बाकीच्यांना वाचता आणि मोजता आले म्हणजे पुरे.

पीएसएम_मास्तर

मग वाटणी अशी करतो: एक तास गावातल्या आणि दवाखान्यातल्या भाजकाला, तीन तास शेवटच्या अंकाला, एक तास नमुनासंख्येला, एक तास कन्सेन्ट फॉर्म मोठ्याने वाचण्याला आणि तीन तास एकच शोधनिबंध ओळीओळीने वाचण्याला. तो निबंध मुद्दाम मध्यम प्रतीचा निवडणार आहे, कारण उत्कृष्ट निबंधात विद्यार्थ्यांना बोट ठेवायला जागा सापडत नाही. उरलेल्या एका तासासाठी मला चुकांनी भरलेला खरा मास्टर चार्ट हवा आहे. कोणाकडे आहे का?

रात्रपाळी

माझा घ्या. त्यात एका रुग्णाचे वय २०५ आहे, दोन पुरुष गरोदर आहेत आणि हिमोग्लोबिनच्या रकान्यात काही ठिकाणी 'नॉर्मल' असा शब्द आहे. गाइडना विचारून, नावाचा रकाना उडवून पाठवतो.

अंकगणिती

नावाबरोबर नोंदणी क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीखही काढा. लहान रुग्णालयात वय, गाव आणि तारीख एवढ्यावरूनही रुग्ण ओळखता येतो. आणि २०५ हे वय तसेच राहू द्या, दुरुस्त करू नका; ते २५ होते की २० होते की ५०, हे मूळ केस पेपर पाहिल्याशिवाय कळणार नाही, हेच मुलांनी सांगायला हवे.